उन्हाळ्यातली बैलजोडी : पाडवा ते मृग, कामं आणि काळजी

शिवारफेरी

पाच-सहा एकर कोरडवाहू, एक जोडी, एखादी गाय. अशा शेतासाठी हा धागा काढतोय.

रब्बी निघाली की नांगरट बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने होते आणि बैल पाडव्यापासून दावणीला उभे राहतात. दोन-अडीच महिने मानेवर जू नाही, पायाला चाल नाही, खुराक बंद, कारण 'सध्या कामच नाही'. मग मृगाचा पाऊस पडला की त्याच बैलांना दिवसभर पाभरीला (पेरणीच्या औजाराला) जुंपायचं. तिसऱ्या दिवशी खांदा सुजतो, चौथ्या दिवशी बैल पेरणीच्या ओळीतच बसतो आणि वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून जातो. दोष जूनच्या माथी मारला जातो, पण चूक एप्रिल-मेमध्ये झालेली असते.

माझं म्हणणं इतकंच की उन्हाळा ही बैलाची सुट्टी धरू नये. काम कमी करा, पण बंद करू नका. जोत (जुंपणी) पहाटे पाच ते नऊ. दुसरी फेरी लागलीच तर संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात बैल सावलीला. १९६५ च्या ओढकामाच्या जनावरांबाबतच्या केंद्रीय नियमांतही तेच आहे: तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग ५ तासांनंतर विश्रांती द्यायचीच. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये हा नियम जवळपास रोज लागू होतो.

पाण्यापासून सुरुवात करतो. ४०० किलोचा बैल थंडीत २५-३० लिटरवर भागवतो. मेमध्ये काम असेल तर ५०-६० लिटर लागतं, कधी त्याहून जास्त. पाणी दिवसातून चार वेळा दाखवा: पहाटे जुंपण्याआधी, काम सुटल्यावर, दुपारी, रात्री. उन्हातल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की बैल तोंड लावून मागे सरतो, आणि मालकाला वाटतं त्याला तहान नाही. टाकी सावलीत ठेवा किंवा ओलं पोतं गुंडाळा. सिमेंटचा हौद असेल तर आठवड्याला घासून आतून चुना मारा, शेवाळ धरत नाही.

गोठा, चारा, खांदा, गाडी यांवर जाणकारांनी लिहावं.

तिफण

एक शंका. काम सुटल्यावर लगेच पाणी पाजू नये असं सगळीकडे ऐकतो. मग किती वेळ थांबायचं? आमच्याकडे तर तासभर थांबवतात.

गोठ्यातून

तिफण, तासभर थांबवणं चूक आहे. बैल आधीच कोरडा पडलेला असतो. जू उतरवा, सावलीत घ्या, पाच-सात लिटर पाजा आणि बादली बाजूला करा. दहा-पंधरा मिनिटांत श्वास खाली आला की पोटभर पिऊ द्या. लांब फेऱ्यांच्या कामात तर मध्येच थांबवून थोडं थोडं पाजलेलं उत्तम.

श्वास मोजायची सवय लावा. उजव्या कुशीकडे बघा, एका मिनिटात कूस किती वेळा हलते ते मोजा. निवांत बैलाचा आकडा १५ ते ३० मध्ये असतो. कामात तो वाढतोच, पण सावलीत अर्धा तास उभा राहूनही ६० च्या खाली येत नसेल तर त्या दिवशी पुन्हा जुंपू नका. बैलाचं नेहमीचं तापमान ३८.५ अंश सेल्सिअस (१०१.३ फॅरनहाइट) असतं. ते ४१ च्या पुढे, तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेच्या तारा, चालताना झोकांड्या, म्हणजे उष्माघात. डोक्यावर, मानेवर, चारही पायांवर सतत पाणी ओता आणि वारा लागू द्या. नुसतं ओलं पोतं टाकून ठेवलं तर ते तापून उलट उष्णता कोंडतं. ते वरचेवर भिजवायचं, नाहीतर काढून टाकायचं. डॉक्टरांना फोन पाणी ओतत असतानाच.

धापणाऱ्या बैलाच्या घशात नळकांड्याने गुळाचं पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जातं, आणि उन्हातून वाचलेला बैल न्यूमोनियाने जातो. समोर बादली ठेवा. त्यात गूळ आणि चमचाभर मीठ घातलेलं चालेल, पण तो स्वतः प्यायला पाहिजे.

माणदेशी

गोठ्याबद्दल.

लांबी पूर्व-पश्चिम असेल तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत कमी येतं. पत्र्याची उंची मधोमध दहा फुटांच्या खाली नको. बुटक्या पत्र्याखालचा गोठा दुपारी उघड्या रानापेक्षाही वाईट. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्या यांचा वीतभर थर द्या आणि वरून दोर आवळा, नाहीतर वळवाचा पहिला वारा सगळं शेजारच्या रानात नेतो. वरच्या बाजूला चुन्याचा पांढरा हात दिला तरी फरक जाणवतो. पश्चिमेकडून पोत्यांचे पडदे लावा, पण चारही बाजू कोंडू नका, आत दमट होतं.

कडुलिंब किंवा चिंच असेल तर दुपारी बैल तिथेच बांधा. गोठ्यापेक्षा झाडाखाली हवा खेळती असते. फक्त वळवाचं आभाळ दिसलं की तिथून सोडायचे. मे-जूनमध्ये एकट्या उंच झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला बांधलेली जनावरं वीज पडून मरतात.

गोचिडांचा बंदोबस्त याच दिवसांत करायचा. गोचिडी बैलाच्या अंगावर दिसतात तेवढ्याच नसतात. अंडी भिंतीच्या फटीत, गव्हाणीच्या खाली, दगडांच्या सांध्यात असतात. नुसता बैल फवारला की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. गोठा रिकामा करून चारा बाहेर काढा, फटींवरून ज्योतीच्या दिव्याची आच फिरवा, मग फटी बुजवून चुना मारा. औषधाचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्या, अंदाजाने झाकण भरू नका. फवारा सकाळी, बैलाने पोटभर पाणी प्यायल्यावर, म्हणजे तो अंग चाटणार नाही. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, पुढच्या पायांच्या बेचक्यात हाताने बघा.

काळी_माती

चारा.

न जुंपलेल्या ४०० किलोच्या बैलाला कोरडा चारा ७-८ किलो, हिरवं मिळेल तसं ५-१० किलो. जुंपला तर खुराक दीड ते दोन किलो: सरकी पेंड, हरभरा चुनी, भरडा, जे असेल ते. मीठ ३०-४० ग्रॅम, खनिज मिश्रण ५० ग्रॅम. उन्हाळ्यात मिठाचा हात आखडू नका.

वेळ मात्र बदला. चारा पचताना पोटात उष्णता तयार होते, म्हणून सकाळी अकरा ते चार गव्हाण भरून ठेवू नये. मोठा घास रात्री आणि पहाटे. दुपारी सावलीत बसून रवंथ करू दे. बैलाला दिवसाकाठी सात-आठ तास रवंथाला लागतात आणि ती बसलेली दुपार त्याच्या पोटाच्या कामाची असते. तिथून उठवून गाडीला जुंपला की पुढच्या वैरणीवर तोंड टाकत नाही.

कडब्याची कुट्टी कराच. अख्ख्या पेंढीतली जाड धांडं तो पायाखाली घालतो. कुट्टी आधी पसरून बघा, पेंढी बांधायची तार किंवा खिळा पोटात गेला तर जाळीतून (पोटाच्या एका कप्प्यातून) हृदयाला टोचतो आणि बैल कारण न कळता खंगत जातो. गंज रचताना खाली दगड आणि त्यावर बाभळीच्या फांद्या, म्हणजे वाळवी चढत नाही. गंज गोठ्याला आणि चुलीला लागून नको, आग एका ठिणगीची असते.

गव्हाचं काड, भाताचा पेंढा असला निकस चारा असेल तर युरिया प्रक्रिया: १०० किलो चाऱ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपून, तुडवून, प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस. उघडल्यावर लागेल तेवढाच काढून तासभर पसरा, वास जाऊ द्या, मग सुरुवातीला मूठभर नेहमीच्या चाऱ्यात मिसळून. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नाही. युरियाचं पाणी उरलं तर बादली उघडी सोडू नका, बैल पितो आणि तासाभरात मरतो.

पश्चिम महाराष्ट्रात उन्हाळा उसाच्या वाढ्यांवर (हिरव्या शेंड्यांवर) काढतात. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातला कॅल्शियम ओढून घेतं. चुन्याची निवळी शिंपडून द्या, सोबत खनिज मिश्रण, आणि नुसत्या वाढ्यांवर महिनोन्महिने ठेवू नका.

तिफण

ज्वारीचा खोडवा फुटलाय, बैल त्यात सोडले तर? हिरवं दुसरं काहीच नाही.

काळी_माती

नका सोडू. किरळ लागते. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य सगळ्यात जास्त असतं. वळवाचा पाऊस पडून आठ दिवसांत धसकटातून लुसलुशीत पोंगे येतात तेव्हा धोका सर्वाधिक. बैल धापतो, थरथरतो, पडतो, डोळ्याच्या आतलं कातडं लालभडक दिसतं. हे मिनिटांच्या हिशेबात घडतं. उपाय शिरेतून देण्याचं औषध हाच, घरगुती काढ्यात वेळ घालवू नये. ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच हिरवी घाला. कापून चांगला वाळवलेला कडबा चालतो.

जुवाखाली

मूळ मुद्दा खांद्याचा आहे, त्यावर जरा सविस्तर.

बैल ओढतो तो वशिंडाच्या पुढे मानेवर टेकलेल्या लाकडाने. जू जिथे टेकतं ती जागा जेमतेम हाताच्या तळव्याएवढी. त्यामुळे तिथला प्रत्येक उंचवटा, खिळा, गाठ कातडीत रुततो. उन्हाळ्यात जू खाली घ्या, टेकायच्या दोन्ही जागांवर हात फिरवा. चीर गेली असेल, लाकूड झिजून कड तयार झाली असेल तर रंध्याने गोल करून काचेच्या कागदाने घासा आणि तेल जिरवा. चिंध्या, पोतं गुंडाळणं हा उपाय नव्हे. त्यात घाम आणि माती धरते, कापड सरकतं आणि जखम जास्त होते.

शिवळांमधलं (मानेच्या दोन्ही बाजूंच्या जुवातल्या खुंट्यांमधलं) अंतर बघा. मान शिवळांमध्ये मोकळी हलली पाहिजे, पण जू आडवं सरकायला नको. जोती (गळ्याखालचे पट्टे) गळ्यावर इतकी सैल की चार बोटं सहज जावीत. आवळलेली जोती श्वासनळी दाबते, आणि मालकाला वाटतं बैल उन्हाने धापतोय.

जोडीत एक दांडगा, एक हलका असेल तर ओढ मधोमध बांधू नका. दांडी (औजाराचा लांब दांडा) जुवाला जिथे बांधतो ती जागा दांडग्या बैलाकडे दोन-तीन बोटं सरकवा. हलक्या बैलाच्या बाजूचं जू लांब राहतं, म्हणून त्याच्या वाट्याला ओढ कमी येते. उंचीत फरक असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. जू तिरकं राहतं आणि बुटक्याच्या मानेवर भार येतो. त्याला जोड बदलणं हाच उपाय.

ओढीचा हिशेब: बैल तासन्‌तास टिकून ओढतो ते स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं. ४०० किलोचे दोन बैल म्हणजे ८० किलोची ओढ. वखर, पाभर, कोळपं यात बसतं. कडक वाळलेल्या काळ्या रानात लोखंडी नांगर एका जोडीच्या बाहेरचं काम आहे. तिथे पूर्वी दोन-तीन जोड्या लावत ते उगाच नाही.

आता सराव. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून:

पहिला आठवडा रिकामी गाडी किंवा नुसतं जू, रोज पाऊण-एक तास. दुसरा आठवडा हलकी वखरणी दोन तास. तिसऱ्या आठवड्यात तीन, मग चार. रोज जू उतरवल्यावर मानेवर तळहात ठेवा. गरम, दुखरी, फुगलेली वाटली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. कोरडी आणि हळूहळू जाड होत जाणारी कातडी हवी आहे, तीच पेरणीत टिकते.

सूज आलीच तर पहिले दोन दिवस गार पाण्याच्या घड्या आणि पूर्ण विश्रांती. मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप बरेच डॉक्टर देतात, तो काम करतो. सूज आलेली असताना 'चालता चालता जाईल' म्हणून जुंपलं की आत पू होतो किंवा कायमची गाठ राहते, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी आपण मनापासून करतो. तूप-हळदीचा तो हात मेमध्येही मानेवरून फिरायला हवा.

दूरदेशी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागात आमिश (जुनी साधी राहणी पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे) शेतकरी घोडे आणि खेचरांवर शेती करतात. त्यांच्याकडच्या उन्हाळ्याशी हे ताडून बघण्यासारखं आहे म्हणून लिहितो.

त्यांचा बेल्जियन घोडा ८००-९०० किलोचा. ओढ मानेवरच्या लाकडाने नाही, तर खांद्याभोवतीच्या भरीव चामडी कॉलरने, म्हणजे भार दोन्ही खांद्यांवर पसरतो. कॉलरची परीक्षा अशी की खाली गळ्याशी सपाट पंजा आत गेला पाहिजे, त्याहून जास्त जागा नको. गंमत म्हणजे उन्हाळ्याच्या कामात घोडा उतरतो आणि वसंतात बरोबर बसणारी कॉलर जुलैत सैल होते. सैल कॉलर घासून खांदा सोलते. म्हणून ते आतून गादी घालतात किंवा लहान कॉलर घेतात, आणि रोज काम सुटल्यावर कॉलरची आतली बाजू पुसून घाम-केस काढतात. घाम वाळून मीठ धरलं की तेच काचकागदासारखं लागतं. जू आणि जोती पुसायची सवय आपल्याकडे फारशी नाही, ती घेण्यासारखी आहे.

घोड्याला अंगभर घाम येतो, त्यामुळे सावली-वारा मिळाला की तो लवकर निवतो, पण मीठही तितकंच गमावतो. त्यांचा उन्हाळा गवत कापण्याचा. मेच्या शेवटापासून पहिली कापणी. पुरतं न वाळलेलं गवत गठ्ठे बांधून कोठारात भरलं तर आत तापतं आणि कोठार पेटतं. ओलसर कडब्याची गंज रचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जुवाखाली

दूरदेशी, पुसण्याचा मुद्दा एकदम पटला. ओल्या फडक्याने मान आणि जू, दोन्ही.

लोहारसाळ

गाडी आणि औजारं. ही कामं पावसाआधी संपली पाहिजेत, कारण मृग लागला की लोहार-सुताराकडे गर्दी होते.

लाकडी चाकाची धाव (बाहेरचं लोखंडी कडं) उन्हाळ्यात सैल होते. लाकूड वाळून आकसतं, आरे खुळखुळतात. चाक रात्रभर पाण्यात टाकलं की लाकूड फुगून धाव बसल्यासारखी वाटते, पण दोन दिवस उन्हात फिरली की पुन्हा सैल. खरं काम म्हणजे धाव उतरवून, तोडून, थोडी लहान करून जोडायची, गोवऱ्यांच्या वर्तुळात लाल करायची, पुठ्ठ्यांवर (चाकाच्या लाकडी कडेवर) बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. हे काम मेमध्येच करावं. तेव्हा लाकूड पुरतं वाळलेलं असतं, त्या मापावर बसवलेली धाव पावसात लाकूड फुगल्यावर आणखी आवळते. पावसाळ्यात फुगलेल्या चाकावर बसवली तर पुढच्या फेब्रुवारीत निघून येते. तुंबा (चाकाचा मधला लाकडी गाभा) तडकला असेल तर धावेवर पैसे घालू नका, चाकच बदला.

टायरच्या गाडीला बेअरिंगचं वंगण बदला, दोन्ही टायरमध्ये हवा सारखी ठेवा. एका बाजूची हवा कमी असेल तर जू तिरकं ओढतं आणि त्याच बाजूच्या बैलाची मान सुजते.

वखराची पास (लोखंडी पातं) झिजून मधे पातळ झाली असेल तर आत्ताच लोहाराकडून ठोकून धार लावून घ्या. बोथट पास रान कापत नाही, ढकलते, आणि ओढ वाढते. जानोळी (पास धरणारे खुंट) हलत असतील तर पाचर मारा. वेसण नायलॉनची नको. ती नाक कापते आणि जखमेत पावसाळ्यात अळ्या पडतात. सुती किंवा अंबाडीची वळून घ्या. कासरे, दावीही याच दिवसांत वळून ठेवावीत.

पाभरीची तपासणी कोरड्या रानात करा. नळ्यांत कोळ्यांची जाळी, गांधीलमाशीची मातीची घरटी हमखास असतात, तार घालून साफ करा. फण सारख्या खोलीवर आहेत ना ते सपाट जमिनीवर ठेवून बघा. मग तीन दाती, १८ इंच (४५ सेंमी) अंतराची तिफण घ्या. प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि १०० मीटर चाला. ती पट्टी १३५ चौरस मीटर, म्हणजे एकराचा तिसावा हिस्सा. सोयाबीन एकरी ३० किलो पेरायचं तर तिन्ही पिशव्या मिळून बरोबर एक किलो यायला हवं, प्रत्येकीत ३३० ग्रॅमच्या आसपास. एका पिशवीत २५० आणि दुसरीत ४२० आलं तर चाड्याचं (बी सोडायच्या वाटीचं) छिद्र किंवा चाडं धरणाऱ्याचा हात बघा.

शिवारफेरी

लोहारसाळ, हा १०० मीटरचा हिशेब सोन्यासारखा आहे.

शेणखताचं कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. कोरडवाहूला हेक्टरी १०-१२ गाड्या, साधारण ५ टन. बैलांच्या सरावाला यासारखं काम नाही: भरलेली गाडी जाताना, रिकामी येताना. पण लोक एप्रिलमध्ये ढीग टाकून ठेवतात आणि जूनमध्ये विस्कटतात. दीड महिना उन्हात पडलेल्या त्या ढिगातला नत्र उडून जातो. मेच्या शेवटच्या आठवड्यात वाहा, त्याच दिवशी पांगवा आणि वखराने मातीआड करा. अर्धवट कुजलेलं खत नको, त्यातून तण आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) रानात जाते. खत उपसताना पांढऱ्या, वाकलेल्या अळ्या दिसल्या तर तिथेच वेचा.

तिफण

लसी कधी? आणि टोचल्यावर जुंपायचं की नाही? पत्री (खुराखालची लोखंडी नाल) मारायचीही आहे.

गोठ्यातून

घटसर्प आणि फऱ्या मेच्या मध्यापर्यंत. प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पाऊस पडल्यावर टोचून उपयोग नाही. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, ती तुमच्या दवाखान्याच्या मोहिमेनुसार. लम्पीची राहिली असेल तर विचारून तारीख ठरवा. जंताचं औषध लसीच्या आधी आठ-दहा दिवस. टोचल्यावर ताप येऊ शकतो, दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती, आठवडाभर जड काम नाही. म्हणून लसीचा आठवडा जुवाखाली यांनी दिलेल्या सरावाच्या आधी बसवा.

पत्री सगळ्यांना लागत नाही. डांबरी रस्ता किंवा मुरमाड रान असेल तर मारा. मऊ काळ्या मातीतल्या बैलाचे खूर नुसते तासून सारखे केले तरी पुरे. मारायची तर सकाळी, रिकाम्या पोटी, सावलीतल्या मऊ जागी पाडून. भरल्या पोटाचा बैल पाडला तर पोट दाबून श्वास कोंडतो. प्रत्येक खुराला दोन, म्हणजे बैलामागे आठ पत्र्या. खिळा खुराच्या पांढऱ्या रेघेच्या बाहेर, टोक बाहेरच्या बाजूला निघालं पाहिजे. जो खिळा मारताना बैल झटका देऊन पाय ओढतो, त्याच खिळ्याने दुसऱ्या दिवशी लंगडतो. तो खिळा लगेच काढून आयोडीन भरा.

शिंगंही बघून घ्या. रंगवण्यासाठी फार तासली की पातळ होतात. पाच ते दहा वर्षांच्या बैलात शिंगाचा कर्करोग आढळतो. सतत डोकं झटकणं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त, शिंग मुळाशी गरम आणि मऊ, एका बाजूला झुकणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा. शिंग झुकायच्या आधी शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचतो.

जुवाखाली

पावसानंतरचं एक राहिलं. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर. तोवर घाई करून बैल चिखलात घालू नका, ओढ दुप्पट होते. भिजलेल्या मानेवर जू ठेवू नका, आधी कोरड्या फडक्याने मान पुसा. ओली कातडी कोरडीपेक्षा फार लवकर सोलते. पहिल्या दिवशी चार तासांवर थांबा, उरलेलं रान दुसऱ्या दिवशी पहाटे घ्या.